विश्लेषण : ‘ही फाइल चालवा, प्रिंटर सुरू होईल’… दुरुस्तीची स्क्रिप्ट विंडोजमध्ये नेमके काय लिहून जाते?

१४ सप्टेंबर २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी नेहमीप्रमाणे मासिक सुरक्षा अपडेट दिली. त्यानंतर जगभरातील लहान कार्यालयांतून एकच तक्रार येऊ लागली. प्रिंटर चालू आहे, वायर जागेवर आहे, काल छपाई झाली होती. आज मात्र शेजारच्या टेबलावरून दिलेला कागद बाहेर येत नाही. पडद्यावर शून्यांची रांग आणि तिच्या शेवटी ‘११बी’ असा त्रुटी क्रमांक. एका संगणकाला यूएसबीने जोडलेला प्रिंटर बाकीच्या तीन-चार संगणकांनी ‘शेअर’ करून वापरायचा, ही व्यवस्था आपल्याकडे सीएच्या कार्यालयापासून शाळेच्या कचेरीपर्यंत सर्वत्र दिसते. फटका नेमका अशाच मांडणीला बसला.

उपायही लगेच सापडला आणि हातोहात पसरला. ज्या संगणकाला प्रिंटर जोडलेला आहे, त्याच्या रजिस्ट्रीत एक नोंद घालायची, तिची किंमत शून्य ठेवायची आणि छपाईची सेवा बंद करून पुन्हा सुरू करायची. तीन ओळींच्या स्क्रिप्टचे हे काम. ‘कॉम्प्युटरवाल्या’ने फोनवर सांगायचे, ‘फाइल पाठवली आहे, डबल क्लिक करा आणि यस म्हणा’, की कागद निघू लागतात.

त्या शून्याचा अर्थ काय, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. जानेवारी २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई सेवेत एक गंभीर त्रुटी उघड झाली होती. नेटवर्कवर मध्येच बसलेला हल्लेखोर दुसऱ्याची ओळख पकडून ती छपाई सेवेपुढे वापरू शकत होता आणि त्या संगणकावर आपला प्रोग्रॅम चालवू शकत होता. त्यावरचे संरक्षण जानेवारीत आले. ते सक्तीचे झाले सप्टेंबरमध्ये, आणि त्या सक्तीमुळेच अनेक ठिकाणी प्रिंटर अडले. शून्य लिहिणे म्हणजे ते संरक्षण काढून टाकणे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या माहितीपत्रात शून्य या किमतीपुढे ‘शिफारस नाही’ असेच नमूद आहे. प्रिंटर दुरुस्त झाला, कडी मात्र काढलेलीच राहिली. दुरुस्ती करणारा पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला आणि कार्यालयातल्या कोणालाही कडी काढल्याचे ठाऊक नाही.

रजिस्ट्री म्हणजे काय?

नाव ऐकून दुय्यम निबंधकांचे कार्यालय आठवेल. पण ही रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि तिच्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगची सामाईक नोंदवही. पूर्वी बहुतेक प्रोग्रॅम आपल्या सेटिंग ‘आयएनआय’ या साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवत. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री लहान स्वरूपात आली आणि विंडोज एनटी व विंडोज ९५ पासून सारा कारभार तिच्यावर चालू लागला. तिची रचना फोल्डरसारखी आहे. फोल्डरच्या जागी ‘की’, कीच्या पोटात आणखी की, आणि शेवटी ‘व्हॅल्यू’, म्हणजे एक नाव आणि त्यापुढे लिहिलेली किंमत. मुख्य शाखांपैकी दोन सामान्य माणसाशी संबंधित आहेत. ‘लोकल मशीन’ ही शाखा संपूर्ण संगणकासाठी असते, तर ‘करंट यूजर’ ही त्या वेळी त्या खात्यात बसलेल्या व्यक्तीपुरती.

उदाहरण घरचेच घ्यायचे तर, खात्यात मराठी कीबोर्ड जोडला की ‘करंट यूजर’ शाखेत ‘कीबोर्ड लेआउट’ या कीखाली एक नोंद पडते. तिच्या शेवटी ‘४४ई’ ही अक्षरे असतात. मायक्रोसॉफ्टच्या भाषा-क्रमांकांत ४४ई म्हणजे भारतातील मराठी. तारीख आधी दिवस मग महिना अशी दिसावी की उलट, हेही याच शाखेत लिहिलेले असते. संगणक सुरू होताना कोणता प्रोग्रॅम आपोआप उघडावा, एखाद्या फाइलवर क्लिक केल्यावर ती कशात उघडावी, अँटिव्हायरस चालू असावा की नाही, असे हजारो निर्णय या वहीत टिपलेले असतात. वही म्हणजे शेवटी डिस्कवरच्या काही फाइलीच. त्यांतली ‘सिस्टिम’ नावाची फाइल खराब झाली तर विंडोज सुरूच होत नाही.

या नोंदवहीत एक मोठी उणीव आहे आणि सगळा घोळ तिच्यापासून सुरू होतो. सातबाऱ्यावर काही बदलायचे तर फेरफार घालावा लागतो. त्याला क्रमांक असतो, आधी काय होते, कशामुळे बदलले, कोणी प्रमाणित केले हे वर्षानुवर्षे पाहता येते. रजिस्ट्रीत फक्त आजची किंमत दिसते. कीवर शेवटचा बदल कधी झाला एवढी वेळ नोंदलेली असते, पण ती संपूर्ण कीची. तिच्यातील वीस नोंदींपैकी कोणती हलली हे त्यावरून कळत नाही. आधीची किंमत काय होती आणि कोणी बदलली, हे तर मुद्दाम देखरेख चालू केल्याशिवाय कुठेच राहत नाही. लहान कार्यालयात ती कोण चालू करणार? थोडक्यात, हा फेरफाराविना चालणारा सातबारा आहे, आणि स्क्रिप्ट त्यावर सेकंदात वीस नोंदी फिरवू शकते.

वाचणारी स्क्रिप्ट आणि लिहिणारी स्क्रिप्ट

दुरुस्तीच्या स्क्रिप्ट दोन प्रकारची कामे करतात, वाचणे आणि लिहिणे. विंडोजमध्ये ‘रेग’ नावाची आज्ञा आहे. तिच्यापुढे ‘क्वेरी’ लिहिले तर ती नोंद फक्त दाखवते. ‘ॲड’ लिहिले तर नोंद घालते किंवा असलेली बदलते. ‘डिलीट’ लिहिले तर पुसते. पॉवरशेलमध्येही ‘गेट’ने सुरू होणाऱ्या आज्ञा वाचतात आणि ‘सेट’ने सुरू होणाऱ्या लिहितात. इंग्रजीचे हे तीन-चार शब्द ओळखता आले तरी नोटपॅडमध्ये उघडलेली स्क्रिप्ट आपल्या संगणकाशी काय करणार, याचा अर्धा अंदाज येतो. डबल क्लिक करण्याऐवजी उजवे बटण दाबून ‘एडिट’ निवडणे, एवढाच काय तो फरक.

आधी निदान मग औषध, हे डॉक्टरला कोणी शिकवावे लागत नाही. संगणकाच्या बाजारात मात्र औषधच आधी दिले जाते. ‘विंडोज स्लो झाली आहे’ या एका तक्रारीवर चाळीस नोंदी बदलणारी फाइल चालवली जाते. त्यातल्या कोणत्या नोंदीने गुण आला, कोणत्या उगाच बदलल्या गेल्या, हे चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. रजिस्ट्री ‘साफ’ करून संगणक वेगवान करण्याचे दावे करणारे प्रोग्रॅम याच वृत्तीवर पोसले गेले. अशा साफसफाईच्या प्रोग्रॅमना आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टने जाहीरपणे सांगितलेले आहे. काही हजार निकामी नोंदी पुसल्याने लाखो नोंदींच्या वहीचा वेग जाणवण्याइतका वाढत नाही, पण त्यात एखादी कामाची नोंद गेली तर प्रोग्रॅम उघडायचा थांबतो.

वाचणेही वाटते तितके सरळ नाही, हेही सांगायला हवे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी ‘सॉफ्टवेअर’ शाखेतील बऱ्याच नोंदींची वेगळी प्रत ठेवलेली असते. ३२ बिटची स्क्रिप्ट तिथे नोंद शोधायला गेली की विंडोज तिला गुपचूप त्या प्रतीकडे वळवते. नोंद डोळ्यांना दिसते आहे आणि स्क्रिप्ट ‘सापडली नाही’ म्हणते, हा अनुभव मग येतो. दुसरा चकवा खात्याचा. लिपिक महिलेच्या संगणकावर मराठी कीबोर्ड बसवायचा आहे. स्क्रिप्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवली आणि पासवर्ड दुसऱ्याच खात्याचा दिला, तर ‘करंट यूजर’ म्हणजे तो दुसरा! ४४ई त्याच्या खात्यात जाऊन बसते, स्क्रिप्ट ‘यशस्वी’ असा निरोप देते आणि मॅडमच्या पडद्यावर इंग्रजीच राहते.

‘बॅकअप घेतला होता’, तरी जुने परत का येत नाही?

सावध माणूस बदल करण्याआधी ती की ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवतो. त्यातून ‘रेग’ प्रकारची एक फाइल तयार होते. गडबड झाली तर तिच्यावर डबल क्लिक करायचे, की सारे पूर्ववत, असा समज आहे. तो अपुरा आहे.

ही फाइल परत घातली जाते तेव्हा विंडोज जुन्या किमती नव्यांवर लिहिते, पण मधल्या काळात नव्याने घातलेली नोंद काढत नाही. फाइलीत जिचा उल्लेखच नाही, तिला विंडोज हात लावत नाही. आता ‘११बी’चे प्रकरण आठवावे. ती शून्याची नोंद बहुतेक संगणकांवर आधी नव्हतीच; स्क्रिप्टने ती नव्याने घातली. म्हणजे कोणी काळजीपूर्वक बॅकअप घेतला असेल, आणि पुढे तो परत घातला असेल, तरीही शून्य जागच्या जागी राहते. ते काढायचे तर त्या नोंदीचे नाव ठाऊक हवे आणि ती स्वतंत्रपणे पुसायला हवी. ‘आधी ही नोंद नव्हती’ ही माहितीसुद्धा जपावी लागते, आणि घाईत तयार केलेल्या स्क्रिप्ट नेमके हेच विसरतात.

या बाबतीत मायक्रोसॉफ्टचे वागणेही फार आदर्श नाही. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी बॅकअप घ्या, अशी सूचना कंपनीच्या प्रत्येक संबंधित माहितीपत्रात सापडते. पण विंडोज स्वतःहून रजिस्ट्रीची जी प्रत ‘रेगबॅक’ या फोल्डरमध्ये ठेवत असे, ती विंडोज १० च्या १८०३ या २०१८ मधील आवृत्तीपासून बंद झाली. कारण दिले गेले डिस्कवरची जागा वाचवण्याचे. फोल्डर तसेच राहिले, त्यात फाइलींची नावेही दिसतात, आकार मात्र शून्य. अडचणीच्या वेळी तिथे पोहोचलेल्या माणसाला रिकामी पाकिटे मिळतात. ही सोय पुन्हा चालू करता येते. कशी? रजिस्ट्रीत एक नोंद घालून! उरतो ‘सिस्टिम रिस्टोअर’चा मार्ग. त्यातून रजिस्ट्री खरोखर मागच्या स्थितीला जाते, पण अनेक संगणकांवर तो बंद असतो आणि तो बंद आहे हे गरज पडल्यावरच कळते.

चांगली दुरुस्ती कशी असते?

तिचा नमुनाही मायक्रोसॉफ्टच्याच दप्तरी आहे. मे २०२२ च्या अखेरीस विंडोजमधील एका त्रुटीने खळबळ उडवली. वर्डची फाइल उघडताच हल्लेखोराचा प्रोग्रॅम चालत होता, आणि त्यासाठी वापरले जात होते विंडोजचे स्वतःचे दोष शोधून देणारे साधन. दुरुस्तीचे हत्यारच दरोड्याला वापरले गेले. सुरक्षा संशोधकाने या त्रुटीला ‘फोलिना’ नाव दिले, कारण नमुन्यात सापडलेला ०४३८ हा आकडा इटलीतील फोलिना गावाचा दूरध्वनी कोड आहे. पक्की दुरुस्ती १४ जूनला आली. तोवरचा तात्पुरता उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने तीन आज्ञा दिल्या. पहिली, त्या साधनाची की एक्स्पोर्ट करून ठेवा. दुसरी, ती की पुसा. तिसरी, दुरुस्ती आल्यावर ठेवलेली फाइल परत घाला.

इथे एकच की, तिचे नाव उघड, ती का पुसायची याचे कारण उघड, पुसल्याने काय बंद पडेल हेही सांगितलेले, आणि परतीची वाट पहिल्याच पायरीवर तयार. शिवाय ही संपूर्ण की पुसण्याची बाब असल्यामुळे परत घातलेली फाइल सारे जसेच्या तसे आणते. ‘११बी’सारखी पंचाईत होत नाही. गावोगावचे तंत्रज्ञ आपल्या पेन ड्राइव्हमध्ये ज्या फाइली बाळगतात, त्यांतल्या किती या कसोटीला उतरतील?

असे असले तरी या फाइलींना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसनी सायबर कॅफे आणि संगणक प्रशिक्षण वर्गांना जेरीस आणले होते. हे व्हायरस रजिस्ट्रीत दोन नोंदी करून टास्क मॅनेजर आणि रजिस्ट्री एडिटर दोन्ही बंद करत. ‘ॲडमिनिस्ट्रेटरने हे बंद केले आहे’ असा निरोप खुद्द संगणकाच्या मालकाला दिसायचा. काही व्हायरस तर प्रोग्रॅम उघडण्याची नोंदच बिघडवत, मग अँटिव्हायरसही उघडत नसे. अशा वेळी चार ओळींच्या व्हीबीस्क्रिप्ट फाइलने कित्येक संगणक पुन्हा हाती दिले. विंडोज नव्याने टाकण्याचा खर्च आणि त्यात जाणारे फोटो, हिशेब, प्रकल्प वाचले. रजिस्ट्रीची विद्या आपल्याकडे अशी गरजेपोटी, ऐकून आणि करून पसरली. तिच्यात कसब आहे. टिपण ठेवण्याची सवय नाही.

हेच हत्यार उलट फिरते तेव्हा

स्क्रिप्टने रजिस्ट्रीत लिहिण्याचा सर्वात गाजलेला प्रसंग मे २००० मधला. ‘आय लव्ह यू’ या विषयाने आलेल्या ईमेलसोबत प्रेमपत्राच्या नावाची एक व्हीबीस्क्रिप्ट फाइल होती. फिलिपिन्समधून निघालेल्या त्या फाइलीने संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत, म्हणजे रजिस्ट्रीतील ‘रन’ या कीत, स्वतःचे नाव लिहिले. स्क्रिप्ट किती वेळ चालू द्यावी याची मर्यादाही तिने रजिस्ट्रीतून वाचली, आणि मर्यादा घातलेली आढळली तर शून्य लिहून ती काढून टाकली. आधी वाचायचे, मग गरजेपुरते लिहायचे, ही शिस्त तिथे दिसली, पण चोराच्या हातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याची घोषणा केली.

भाषा गेली तरी युक्ती तीच आहे. ‘करंट यूजर’ शाखेतील ‘रन’ कीत लिहायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागत नाही, त्यामुळे पडदा अंधारून ‘होय की नाही’ विचारणारी खिडकीही येत नाही. ‘रेग’ फाइलवर डबल क्लिक केल्यास विंडोज निदान एक इशारा देते. बॅच फाइलीतल्या आज्ञेला ‘विचारू नकोस’ असे सांगता येते. २०२४ पासून फोफावलेल्या ‘क्लिकफिक्स’ प्रकारात तर फाइलही लागत नाही. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ किंवा ‘ही त्रुटी दूर करा’ असे सांगून वापरकर्त्यालाच विंडोज आणि आर ही बटणे दाबायला, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला लावले जाते. आज्ञा आधीच क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. दुरुस्तीवाल्याच्या फोनवरील सूचना निमूटपणे पाळण्याची सवय इथे कामी येते, कारण सूचनांचा साचा हुबेहूब तोच आहे. ‘रन’ खिडकीत जे टाकले जाते त्याची यादी विंडोज रजिस्ट्रीत ठेवते आणि तपास करणारे पुढे तीच वाचतात. पण तेव्हा पैसे गेलेले असतात.

फुकटात सॉफ्टवेअर ‘ॲक्टिव्हेट’ करून देणाऱ्या स्क्रिप्टबद्दल वेगळे काय सांगावे? अनेकदा पहिली अट असते अँटिव्हायरस बंद करण्याची. विंडोजच्या डिफेंडरला एका नोंदीने झोपवता येत असे. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने घरगुती संगणकांवर ती नोंद निष्प्रभ केली. चोराला किल्ली सापडली म्हणून कुलूपच बदलण्याचा हा प्रकार, आणि तो योग्यच होता.

मग कार्यालयाने काय मागावे?

दुरुस्तीनंतर गाडीचे गॅरेज काय बदलले याचे बिल देते. संगणकाच्या दुरुस्तीचे बिल मात्र ‘सर्व्हिस चार्ज’ या दोन शब्दांत संपते. पतसंस्था असो, दवाखाना असो की ग्रामपंचायत, तिथल्या संगणकावर लोकांची आधार क्रमांकासह माहिती असते. त्या संगणकाच्या रजिस्ट्रीत कोणी काय लिहिले, हे एका कागदावर मागणे यात तंत्रज्ञावरचा अविश्वास नाही. की कोणती, नोंदीचे नाव काय, आधी काय होते (किंवा काहीच नव्हते), आता काय आहे, तारीख आणि कारण. सहा रकान्यांची शंभर पानी वही त्याला पुरते. तंत्रज्ञालाही ती सोयीची आहे. पुढच्या वेळी दुसराच मुलगा आला तरी त्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही. मोठ्या कंपन्यांत हे काम धोरणे ठरवून एका जागेवरून होते. लहान कार्यालयाकडे तो खर्च करण्याची ऐपत नसते, वहीची मात्र असते.

ज्या कार्यालयांत २०२१ मध्ये ‘११बी’चा उपाय झाला होता, तिथे सुरुवात त्या शून्यापासून करता येईल. प्रिंटर जोडलेल्या संगणकावर रजिस्ट्री एडिटर उघडून ‘लोकल मशीन’, ‘सिस्टिम’, ‘करंट कंट्रोल सेट’, ‘कंट्रोल’, ‘प्रिंट’ या वाटेने जावे आणि ‘आरपीसी ऑथ’ या अक्षरांनी सुरू होणारी लांबलचक नावाची नोंद आहे का, असल्यास तिच्यापुढे शून्य आहे का, एवढे पाहावे. हे नुसते वाचणे आहे, त्याने काहीही बिघडत नाही. शून्य आढळल्यास प्रिंटर वापरणाऱ्या सर्व संगणकांवर विंडोजची अपडेट आधी पूर्ण करून घ्यावीत आणि मगच जाणकाराकडून ती नोंद काढून छपाईची चाचणी घ्यावी. दिवस महिनाअखेरचा किंवा विवरणपत्रे भरण्याच्या मुदतीचा नसावा; एखादी निवांत दुपार बरी.